चौथ्या गाण्यावर अडलेला अल्बम

पार्श्वभूमी

एक रॅपर, एक प्रोड्यूसर आणि अकरा गाणी. लेबल नाही, मॅनेजर नाही. दोघांनी मिळून केलेला हा पहिला पूर्ण अल्बम. मला फक्त मिक्सिंगसाठी, म्हणजे गाण्यातले आवाज तोलून एकत्र बसवायला, बोलावलं होतं, पण शेवटी त्यांच्या कागदपत्रांतही माझा हात गेला. त्यामुळे पुढे लिहिलेलं सगळं जवळून पाहिलेलं आहे. दोघांच्या संमतीने लिहितो आहे. नावं आणि गाण्यांची शीर्षकं गाळली आहेत. रॅपर म्हणजे ‘तो’ आणि बीट (रॅपखालचं ताल-संगीत) बनवणारी प्रोड्यूसर म्हणजे ‘ती’, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अल्बमभर एकच रॅपर आणि एकच प्रोड्यूसर, ही हिप-हॉपमधली जुनी रीत. एरिक बी आणि राकिम, किंवा गँग स्टारमधले गुरू आणि डीजे प्रीमियर, अशा जोड्यांनी ती रुळवली. अशा अल्बममध्ये बीट म्हणजे मागे वाजणारं संगीत नसतं, तो अल्बमचा अर्धा मालक असतो. तिला हेच हवं होतं. कव्हरवर दोन्ही नावं सारख्याच अक्षरांत यावीत, ही तिची पहिल्या दिवसापासूनची एकमेव अट. त्याची काहीच हरकत नव्हती.

काम चौदा महिने चाललं. ती रात्री बीट पाठवायची, तो सकाळी त्यावर लिहायचा आणि घरच्या माईकवर कच्चा टेक घेऊन परत पाठवायचा. पैशाचं बोलणं एकदाच झालं, तेही चॅटवर. त्याने लिहिलं, “सगळं अर्धं-अर्धं.” तिने अंगठा दाखवला. कशाचं अर्धं, हे दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

अल्बमचा कणा होतं चौथं गाणं. तिने एका जुन्या रेकॉर्डवरून चार बारचा (बार म्हणजे सहसा चार ठोक्यांचं माप) तुकडा उचलला होता, म्हणजे सॅम्पल केला होता: मागे तंतुवाद्यं आणि वर एका गायिकेची एकच ओळ. तो तुकडा तीन सेमीटोन (अर्धे स्वर) वर चढवल्यावर आवाज पोरसवदा झाला आणि ओळ प्रश्नासारखी ऐकू यायला लागली. त्याने तिन्ही व्हर्स (रॅपची कडवी) त्या प्रश्नाची उत्तरं म्हणून लिहिले. पहिल्यात तो टाळाटाळ करतो, दुसऱ्यात चिडतो, तिसऱ्यात कबूल करतो. अल्बमचं नावही त्या ओळीतूनच आलं. कव्हर तयार झाल्यावर उत्साहाच्या भरात त्यांनी रिलीजची तारीखही जाहीर करून टाकली.

अडचण

तारखेला सहा आठवडे उरले असताना सगळ्या गाण्यांचे स्टेम्स (प्रत्येक आवाजाच्या सुट्या फाइली) माझ्याकडे आले. चौथ्या गाण्याच्या फोल्डरमध्ये एका फाइलचं नाव होतं ‘बाई लूप फायनल दोन’. मी विचारलं, ही बाई कोण? तिने आडपडदा न ठेवता रेकॉर्डचं नाव सांगितलं. परवानगी? “ती नंतर बघू असं ठरलं होतं.” तो म्हणाला, “चार बार तर आहेत!”

काही सेकंदांपर्यंत उचललं तर चालतं, ही समजूत हिप-हॉप करणाऱ्यांत फार खोल रुजलेली आहे. सेकंदांची अशी सरसकट सूट कुठेही लिहिलेली नाही. १९९१ साली न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात बिझ मार्की या रॅपरविरुद्धचा सॅम्पलचा खटला उभा राहिला, तेव्हा न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली आणि फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्याच एका अपील कोर्टाने गिटारच्या दोन सेकंदांच्या तुकड्यासाठीही परवाना लागतो असं ठरवलं. २०१६ मध्ये दुसऱ्या एका अपील कोर्टाने ०.२३ सेकंदाच्या हॉर्नच्या ठोक्याबद्दल उलट मत दिलं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१९ मध्ये क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या दोन सेकंदांच्या तालाबाबत आणखी वेगळी रेघ ओढली: तुकडा कानाला ओळखू येत नसेल तर गोष्ट निराळी, ओळखू येत असेल तर परवानगी हवी. कोर्टांचंच एकमत नाही, तिथे आपण बारांचा हिशेब काय मांडणार? आणि आमच्याकडची बाई पहिल्याच फटक्यात ओळखू येत होती. गाण्याची सगळी मजाच त्यात होती.

दुसरी गोष्ट दोघांनाही माहीत नव्हती. उचललेल्या तुकड्यात मालकी दोन असतात. एक त्या रेकॉर्डिंगची, म्हणजे मास्टरची. ती बहुधा रेकॉर्ड कंपनीकडे असते. दुसरी मूळ शब्द-सुरांची. ती गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांचे हक्क सांभाळणाऱ्या पब्लिशर कंपनीकडे. परवानगी दोन्हीकडून लागते, आणि एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणेलच असं नाही.

समोरचे पर्याय

त्या रात्री आम्ही तिघं कॉलवर बसलो आणि जे सुचेल ते बोलत गेलो.

तसंच सोडून द्यायचं, हा अर्थातच पहिला विचार. “आपल्याला ऐकतंय कोण?” हा त्याचा मुद्दा. पण ऐकायला आता माणूस लागत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा २००७ पासून आवाजाचे ठसे जुळवते आहे. शिवाय गाणं ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत स्ट्रीमिंग सेवांवर जातं, त्याच्या अटींत ‘या गाण्यातले सगळे हक्क माझ्याकडे आहेत’ असं आपण मान्य केलेलं असतं. तक्रार आली की गाणं उतरतं आणि नुकसानीची जबाबदारी आपल्या गळ्यात. ते खोटं विधान करायला ती तयार नव्हती. मीही नव्हतो.

मग त्याने दुसरा मार्ग काढला. एवढं एकच गाणं फुकट सोडू, त्यातून कमाईच नको. हा मार्ग भाबडा आहे. २०१२ साली रॅपर मॅक मिलरवर लॉर्ड फिनेस या प्रोड्यूसरने एक कोटी डॉलरचा दावा लावला, तो फुकट वाटलेल्या मिक्सटेपमधल्या बीटवरूनच. पुढे कोर्टाबाहेर तडजोड झाली ती वेगळी बाब. पैसे न घेतल्याने परवानगीची गरज संपत नाही.

तिसरा पर्याय, तोच तुकडा नव्याने वाजवून आणि गाऊन घ्यायचा. हा तिला सर्वांत जवळचा वाटत होता. यात मास्टरचा प्रश्न सुटतो, कारण रेकॉर्डिंग आपलं. पण शब्द आणि चाल परक्याचीच राहते, म्हणजे पब्लिशरकडे जावंच लागतं. निम्मा रस्ता वाचतो, एवढंच.

चौथा, रीतसर दोन्हीकडे अर्ज करून थांबायचं. पाचवा, तुकडा काढून टाकून गाणं नव्याने बांधायचं. सहावा कोणी बोललं नाही, पण तिघांच्याही मनात होता: गाणंच वगळायचं. अल्बमचं नाव ज्या ओळीवरून ठेवलं तीच ओळ नाही, असा अल्बम काढायचा.

पहिला निर्णय: वाट पाहायची, पण किती?

दोन्ही ठिकाणी पत्रं गेली. सोबत गाण्याचा कच्चा मिक्स, तुकडा कुठे आणि किती वेळा येतो याची नोंद, आणि अल्बम स्वतंत्र असल्याचा उल्लेख. पब्लिशरचं उत्तर बारा दिवसांत आलं. आगाऊ रक्कम आणि नव्या गाण्याच्या शब्द-सुरांच्या हक्कात निम्म्याहून जास्त वाटा, अशी त्यांची मागणी होती. ऐकायला जाच वाटतो, पण गाण्याचा हूकच, म्हणजे मनात रुतणारी मुख्य ओळच, परक्याची असेल तर अशा मागण्या होतात. वाटाघाटीला त्यांनी जागाही ठेवली होती. रेकॉर्ड कंपनीकडून मात्र ‘अर्ज मिळाला’ या आपोआप आलेल्या मेलपलीकडे काहीच नाही.

इथे आम्ही चुकलो असं मला वाटतं. रोज इनबॉक्स उघडून बघण्यात तीन आठवडे गेले. उत्तरासाठी शेवटचा दिवस आधीच ठरवून घेतला असता, तर त्याच काळात दुसरी बाजू समांतर सुरू झाली असती. ती म्हणाली होतीही, “मी तोवर नवीन बीट करून ठेवते.” तो म्हणाला, “करू नकोस, अपशकुन होईल.” हसण्यावारी गेलेलं वाक्य, पण त्याची किंमत तीन आठवडे.

शेवटी तारीख पुढे ढकलली. ते जाहीर करताना त्याला फार लाज वाटली. लोकांनी दोन-चार रडके इमोजी टाकले आणि विसरून गेले.

दुसरा निर्णय: गाणं नव्याने बांधायचं

तिने तुकडा काढला आणि गाणं कोसळलं. ड्रम्स उत्तम होते, ८०८ या ड्रम-यंत्राचा बेस छातीत वाजत होता, पण तो कोणाला उत्तर देतोय तेच कळेना. प्रश्नच गायब झाला होता.

तेव्हा तिने जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम. तिने स्वतःची चार बारची चाल बांधली. मूळ चालीच्या आसपास फिरणारी नव्हे. कॉर्ड्स वेगळे, वळण वेगळं, ओळ वरून खाली उतरणारी. शब्द त्याने लिहिले. म्हणजे आतापर्यंत ज्या प्रश्नाची तो उत्तरं देत होता, तो प्रश्नच आता त्याला लिहायचा होता. त्यात दोन दिवस गेले. एका ओळखीच्या गायिकेकडून ती ओळ साध्या माईकवर गाऊन घेतली, आणि मग या ताज्या रेकॉर्डिंगला जुनं करायला सुरुवात झाली.

इथे थोडं थांबतो, कारण यातली युक्ती हिप-हॉपच्या पोटातली आहे. १९८७ साली आलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पल करायच्या यंत्रात सगळे तुकडे मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. तोही कमी तपशिलाचा, १२ बिटमध्ये, सेकंदाला सुमारे २६ हजार नमुने घेत. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवून आवाज भरायचे आणि मग यंत्रात तो खाली आणायचे. त्या खटाटोपात आवाजाला एक खरखर, एक धूळ चढायची. अडचणीतून आलेली ती धूळ पुढे चव म्हणून ओळखली गेली. तिने सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच केलं. ओळ वेगाने वाजवून रेकॉर्ड केली, १२ बिटवर आणली, मग खाली ओढली आणि शेवटी स्वतःच्याच रेकॉर्डिंगचे सुरीने कापावेत तसे तुकडे करून पॅडवर, म्हणजे बोटांनी वाजवायच्या बटणांवर, वाजवले. स्वतःच स्वतःला सॅम्पल केलं म्हणा ना.

गायिकेचा कागद त्याच दिवशी झाला: ठरलेलं मानधन, श्रेयनामावलीत नाव, आणि आवाज कापून-बदलून वापरायला लेखी परवानगी. तोवर आम्ही शहाणे झालो होतो.

दुसरा व्हर्स नव्या प्रश्नाला लागू होईना. त्याने तो फाडून पुन्हा लिहिला. आणि एक प्रामाणिक मत नोंदवून ठेवतो: जुनं व्हर्जन जास्त चांगलं होतं. नवं गाणं स्वच्छ आहे, त्यांचं स्वतःचं आहे. पण त्या जुन्या आवाजातली अनोळखी माणसाची हाक त्यात नाही. डी ला सोल या हिप-हॉप गटाचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पलच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही, हे माहीत असूनही माझं मत तेच आहे.

खरी गाठ

नव्या गाण्याचं काम संपलं त्या संध्याकाळी तिने सहज विचारलं, “आता या गाण्यात माझं किती?” तो म्हणाला, “अर्धं. सगळ्यात अर्धं, ठरलंय ना.” ती म्हणाली, “खर्च वजा करून की आधी?”

चौदा महिने दबलेलं सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर आलं. मिक्सिंगचे, कव्हरचे, एका व्हिडिओचे पैसे त्याने भरले होते. आधी ते वळते व्हावेत, मग अर्धं-अर्धं, असं तो धरून चालला होता. ती धरून चालली होती की पहिल्या रुपयापासून अर्धं. तिचं म्हणणं, “तुझे पैसे गेले ते दिसतात. माझ्या रात्री गेल्या त्याचं बिल कुठेय?” त्याचं म्हणणं, “रात्री माझ्याही गेल्या.” दोघंही खरंच बोलत होते, म्हणून भांडण संपेना. मी मध्ये पडलो नाही. पडलो असतो तर दोघांचाही राग माझ्यावर निघाला असता, आणि मिक्स अजून बाकी होता.

चार दिवस कोणी कोणाला मेसेज केला नाही. पाचव्या दिवशी त्यानेच एक कोरी शीट पाठवली: अकरा ओळी, प्रत्येक गाण्याची एक. मग फोनवर बसून भरली. शब्द-सुरांचे हक्क निम्मे-निम्मे, कारण शब्द त्याचे आणि संगीत तिचं. मास्टरही निम्मं-निम्मं, पण बिल असलेला बाहेरचा खर्च आधी वळता करायचा. स्वतःच्या वेळेचे पैसे कोणीच लावायचे नाहीत. चौथ्या गाण्यावर पुन्हा गाडी अडली. ती म्हणाली, “ते मी दोनदा केलं.” तो म्हणाला, “मीही दोनदा लिहिलं.” निम्म्यावरच राहिलं. सातव्या गाण्यातल्या पाहुण्या रॅपरचा वाटाही त्याला फोन करून लिहून टाकला. ‘मला काही नको’ म्हणणाऱ्याला वर्षभराने काहीतरी हवं असतं.

एक कलम तिने आग्रहाने घातलं: गाणं जाहिरातीला, चित्रपटाला किंवा रिमिक्सला द्यायचं तर दोघांचा होकार हवा. खातं त्याच्या नावावर होतं, पण डिस्ट्रिब्युटरकडे वाटे लावायची सोय असल्याने तिचा हिस्सा थेट तिच्याकडे वळवला. आणि दोघांनी आपापल्या शब्द-सुरांची नोंद रॉयल्टी संस्थेकडे वेगळी केली. डिस्ट्रिब्युटर मुख्यतः रेकॉर्डिंगचे पैसे आणतो, लेखन-संगीताचे सगळे नाही. हे तर मलाही उशिरा कळलेलं आहे.

शेवटची ठेच

अल्बमआधी सोडलेल्या सिंगलवर दुसऱ्याच दिवशी यूट्यूबवर हक्काचा दावा आला. दोघांच्या स्वतःच्या गाण्यावर! कारण निघालं साधं. तोच बीट तिने दोन वर्षांपूर्वी कोणाला तरी बिगर-एकमेव लीजवर (इतरांनाही देता येईल अशा भाड्याने) दिला होता आणि त्या माणसाने करारात मनाई असताना आपलं गाणं कंटेंट आयडीत टाकलं होतं. जुना करार आणि प्रोजेक्ट फाइल जोडून हरकत नोंदवली. दावेदाराला उत्तरासाठी तीस दिवस असतात; त्याने त्याआधीच दावा मागे घेतला. बीट लीजवर गेलेला आहे हे तिने आपल्या रॅपरला सांगितलंच नव्हतं. तो त्यावर काही बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

परिणाम

अल्बम ठरल्यापेक्षा आठ आठवडे उशिरा आला, अकराही गाण्यांसह. चौथ्या गाण्याला नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा) क्रमांक घ्यावा लागला, कारण रेकॉर्डिंग नवं होतं. संपादकीय प्लेलिस्टसाठी स्पॉटिफायला रिलीजआधीच गाणं सुचवावं लागतं. ते या वेळी वेळेत झालं, पण प्लेलिस्ट काही मिळाली नाही. २०२४ पासून तिथे बारा महिन्यांत हजार स्ट्रीम न गाठणाऱ्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, आणि अल्बममधली काही गाणी त्या रेषेखालीच आहेत. बाहेरचा खर्च अजून पूर्ण वळता झालेला नाही. चौथं गाणं सर्वांत जास्त ऐकलं जातंय. माझं मत लोकांनी विचारलेलं नाही.

दोघं एकत्र काम करतात. पुढच्या गाण्यांची शीट त्यांनी पहिला बीट पाठवायच्या आधीच उघडली.

वेगळं काय करता आलं असतं

तुकडा कुठून घेतला याची नोंद बीट बनवतानाच फाइलच्या नावात गेली असती, तर मी विचारेपर्यंत थांबावं लागलं नसतं. तिने आता रेकॉर्डचं नाव, बाजू आणि मिनिट-सेकंद लिहायला सुरुवात केली आहे. लीजवर गेलेल्या बीटांची यादीही.

पण मोठी चूक वेगळी होती. परवानगी नसलेल्या तुकड्याभोवती एक गाणं बांधणं हा धोका ठीक आहे, हिप-हॉप तसंच वाढलंय. त्या तुकड्यावरून अल्बमचं नाव, कव्हर आणि तारीख ठरवणं हा धोका नव्हता, हट्ट होता. लेखन सुरू व्हायच्या आधी, निदान दुसरा व्हर्स लिहायच्या आधी, पत्रं जायला हवी होती. चौदा महिने हातात होते.

वाट्यांबाबत मी थोडा बिचकून लिहितो. ‘पहिल्याच दिवशी करार करा’ हे सांगणं सोपं आहे. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे एक बीट आणि आठ ओळी होत्या. तेव्हा कोणी करार पुढे केला असता तर कदाचित अल्बमच झाला नसता. तिसऱ्या-चौथ्या गाण्याशी, काहीतरी उभं राहतंय असं दिसल्यावर, ते बोलणं झालं असतं तर बरं. तिथे मी असतो तर मीच काढलं असतं, असं आता म्हणतो.

थांबायला हवं होतं का, या प्रश्नावर आमच्या तिघांचं तीन प्रकारचं मत आहे. रेकॉर्ड कंपनीचं उत्तर अल्बम आल्यावर नवव्या आठवड्यात आलं. नकार नव्हता, सोबत एक फॉर्म होता, वापराचा तपशील भरून पाठवा म्हणून. जुनं व्हर्जन वेगळं गाणं म्हणून काढावं असं तिच्या मनात आहे आणि तिने फॉर्म भरायला घेतलाही आहे. ‘नव्या गाण्याचं शीर्षक’ हा रकाना अजून कोरा आहे. ते नाव तर आधीच दुसऱ्या गाण्याला देऊन झालंय.